२८२ गुणांचा सत्कार

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासिकेच्या शिक्षकांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही चार शब्द बोलणार आहोत. 'आम्ही' म्हणजे आपल्या विहारात रोज संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासिका चालते, तिथे शिकवणारी आम्ही पाच-सहा मंडळी. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी शाळेतून, दोघी गृहिणी, एक जण अजून नोकरी करून लोकल पकडून धावत येणारा. माईकसमोर उभं राहायचं काम एकावर आलं असलं तरी शब्द सगळ्यांचे आहेत. आणि आज ज्या चुकीबद्दल बोलायचं आहे, ती चूकही सगळ्यांची आहे.

वर्धापनदिनी गोड बोलावं, असा रिवाज आहे. पण घरच्या माणसांपुढे खरं बोलायचं नाही, तर कुठे बोलायचं?

समितीने आम्हाला विषय दिला, 'शालेय अभ्यासक्रमातून विद्यार्थ्याचा विकास'. विषय ऐकून आम्ही आधी पुस्तकं काढून बसलो. मग लक्षात आलं की, या विषयावर आपल्या घरातच एक गोष्ट आहे. ती बाबासाहेबांच्या विद्यार्थीदशेतली आहे आणि ती एका सत्काराची आहे. आपणही दरवर्षी दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार करतो. म्हणून ही गोष्ट आज सांगायची.

त्याआधी थोडं आपल्याबद्दल. आपण खारघरला आलो ते वेगवेगळ्या वाटांनी. कुणी चेंबूर-घाटकोपरच्या चाळीतून, कुणी कोकणातून, कुणी मराठवाड्यातून, कुणी विदर्भातून. कुणाला सिडकोच्या सोडतीत घर लागलं, कुणी भाड्याने राहिलं, कुणी बांधकामावर कामाला आलं आणि इथेच राहिलं. आलो तेव्हा डोंगर असाच होता, पावसाळ्यात पांडवकड्याचं पाणी असंच कोसळायचं, पण संध्याकाळी रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. आज उंच इमारती झाल्या, महानगरपालिका आली, २०२३ साली मेट्रोही आली. आणि सगळ्यात जास्त काय वाढलं असेल, तर क्लास! स्टेशनबाहेर पडा, उत्सव चौकात उभे राहा, जिकडे-तिकडे फलक. फलकावर हसऱ्या मुलांचे फोटो आणि प्रत्येक फोटोखाली टक्के.

त्या मुलांचं कौतुकच आहे. त्यांनी मेहनत केली आहे. पण त्याच वर्गात, त्याच बाकावर बसलेली आणि फलकावर नसलेली मुलं असतात. ती त्या वर्षात काहीच शिकली नाहीत का? हा प्रश्न आम्हाला फार उशिरा पडला. कसा पडला, ते पुढे सांगतो.

आता बाबासाहेबांची गोष्ट.

रामजी सुभेदार मुलांना घेऊन मुंबईला आले आणि परळच्या चाळीत एका खोलीत संसार थाटला. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच झोपणं, तिथेच अभ्यास. रामजी लष्करातल्या शाळेत मुख्याध्यापक राहिलेले, त्यामुळे शिक्षणाची किंमत त्यांना पुरेपूर कळत होती. खोलीत जागा नाही म्हणून ते मुलाला संध्याकाळी लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत आणि दोन वाजता मुलाला उठवून मग स्वतः आडवे होत. मुलगा दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचत बसे. अभ्यासाला पुस्तक हवं असेल तर वडील लेकींच्या अंगावरचा दागिना गहाण ठेवून पैसे उभे करीत.

शाळा होती एल्फिन्स्टन हायस्कूल. सरकारी शाळा, म्हणजे दार सर्वांना उघडं. पण दार उघडं असलं म्हणून मनं उघडी असतात असं नाही. चरित्रात एक प्रसंग आहे. शिक्षकांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं. वर्गातल्या मुलांनी आपले जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. हा मुलगा फळ्याजवळ जाताच डबे विटाळतील म्हणून सगळी पोरं धावली आणि त्यांनी धडाधड डबे बाजूला काढले. मगच त्याला फळ्याला हात लावता आला. संस्कृत शिकायचं होतं, तेही शिकू दिलं नाही. नाइलाजाने फारसी घ्यावी लागली.

असा अभ्यासक्रम पुरा करून १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. चरित्रकारांनी त्यांचे गुणही नोंदवून ठेवले आहेत. ७५० पैकी २८२.

मुलांनो, वहीत हिशेब करून बघा. शेकडा ३७.६ येतात. आजच्या बोर्डात पस्तीसला पास, म्हणजे काठावरच म्हणायचं. त्या काळी मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठाची असे आणि फार अवघड असे, नुसतं पास होणं हीच मोठी गोष्ट, हे आम्ही मान्य करतो. तरीसुद्धा आकडा तोच राहतो. पहिला वर्ग नाही, बक्षीस नाही.

आणि तरीही समाजाने त्यांचा सत्कार केला.

या सत्काराबद्दल स्वतः बाबासाहेबांनी लिहून ठेवलं आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी त्यांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. ती ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही, नंतर प्रसिद्ध झाली. तिच्यात ही हकीकत आहे. तपशिलात थोडा फरक आढळतो. चरित्रकार धनंजय कीर हा सत्कार मॅट्रिकनंतरचा सांगतात आणि सभेचे अध्यक्ष सीताराम केशव बोले होते असं लिहितात. हेच बोले, ज्यांनी पुढे १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव आणला. बाबासाहेब मात्र म्हणतात की, आपण इंग्रजी चौथी पास झालो म्हणून लोकांनी ती सभा ठरवली आणि अध्यक्ष दादा केळुसकर होते.

इंग्रजी चौथी! विचार करा. इतर समाजांत जिकडे कुणी लक्षही दिलं नसतं, अशी ती इयत्ता. हे बाबासाहेबांनी स्वतःच कबूल केलं आहे. पण आपल्या समाजातला हा पहिला मुलगा तिथवर पोचला होता, म्हणून लोकांना ते शिखर वाटलं.

आता पुढची गंमत ऐका. ही मंडळी परवानगी मागायला रामजी सुभेदारांकडे गेली. आपल्यातल्या कुठल्याही बापाला केवढा आनंद झाला असता! रामजींनी सरळ नाही म्हणून सांगितलं. म्हणाले, पोराच्या डोक्यात हवा जाईल. परीक्षा तर पास झालाय, आणखी काय केलंय त्याने?

लोक हिरमुसले, पण मागे हटले नाहीत. ते गेले दादा केळुसकरांकडे. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे नावाजलेले लेखक आणि शिक्षक, रामजींचे स्नेही. आपल्या समाजाचे नव्हते. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एकटाच वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी पाहिला होता, त्याच्याशी ओळख करून घेतली होती, त्याला वाचायला पुस्तकंही देत होते. दादांनी रामजींची समजूत घातली, थोडा वाद झाला आणि बाप राजी झाला. सभा झाली. आणि भाषणाच्या शेवटी दादांनी मुलाच्या हातात भेट ठेवली. हार-नारळ काय असतील ते असतील, त्याची नोंद नाही. नोंद राहिली ती त्या भेटीची. दादांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं मराठी चरित्र.

बंधू-भगिनींनो, इथवरची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. आपल्या भाषणांत ती नेहमी येते आणि इथेच संपते. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने खरी गोष्ट इथून पुढे आहे.

मुलाने ते पुस्तक घरी नेऊन वाचलं आणि तो हलून गेला. मग त्याला प्रश्न पडला की, वडिलांनी आपल्याला हे बुद्धाचं साहित्य का दाखवलं नाही? रामजी कबीरपंथी, घरात शिस्त कडक. रामायण-महाभारत मुलांकडून नेमाने वाचून घेत. एक दिवस मुलाने धीर करून बापाला विचारलंच. ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि आपल्यासारख्यांची अवहेलना पुन्हा पुन्हा येते, ते आम्हाला का वाचायला लावता?

रामजींनी उत्तर दिलं. उत्तर साधं नव्हतं, त्यामागे बापाची माया होती. ते म्हणाले, आपण अस्पृश्य आहोत, तुमच्या मनात कमीपणाची भावना घर करील, ती जावी म्हणून मी हे वाचून घेतो. द्रोण बघ, कर्ण बघ, कुठून कुठे चढले. वाल्मीकी कोळी होता आणि रामायणाचा कर्ता झाला.

मुलाचं समाधान झालं नाही. त्याने तेही सांगितलं. महाभारतातली आणि रामायणातली कुठली माणसं आपल्याला पटत नाहीत आणि का पटत नाहीत, हे एकेक करून बापासमोर मांडलं. बाबासाहेब लिहितात की, वडील गप्प राहिले. मुलाच्या मनात बंड उभं राहिलंय, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी थोबाडीत मारली, असं बाबासाहेबांनी लिहिलेलं नाही. 'मोठा शहाणा झालास' म्हणाले, असंही लिहिलेलं नाही.

आम्ही शिक्षक मंडळींनी हे वाचलं आणि आम्हाला वाटलं, शाळेत असताना विद्यार्थ्याचा विकास झाला तो हा. एल्फिन्स्टन हायस्कूलच्या गुणपत्रिकेत याला एकही गुण नाही. डबे उचलून पळणाऱ्या मुलांमध्ये गुमान बसणारा मुलगा, ज्याच्या शब्दापुढे घरात कुणी बोलत नाही अशा बापासमोर उभा राहून विचारतो, 'का?' आणि मिळालेलं उत्तर तपासून म्हणतो, 'मला पटत नाही.' वर्षाच्या सुरुवातीला हे येत नव्हतं, आता येतं. वाढ म्हणतात ती हीच.

पुढचं तुम्ही जाणता. दादा केळुसकर त्यांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले, दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, १९१२ साली ते बी.ए. झाले. १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी तिथल्या अभ्यासवर्गात त्यांनी भारतातल्या जातींची उत्पत्ती कशी झाली यावर निबंध वाचला. वय वर्षं पंचवीस. परळच्या खोलीत बापाला विचारलेला 'का' तिथे विद्वानांपुढे उभा राहिला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला काय घडलं, ते सांगायला नको, आपण सगळे त्यामुळेच इथे बसलो आहोत. त्या प्रस्तावनेत बाबासाहेब स्वतः म्हणतात की, दादांनी दिलेल्या त्या पुस्तकामुळे आपण बुद्धाकडे वळलो.

आता आमची चूक.

आपल्या विहारात गुणगौरव समारंभ होतो. नियम आहे की, दहावीला पंचाहत्तर टक्के आणि वर. हा नियम आम्हीच केला. कारणही बरं होतं. मुलं वाढली, ट्रॉफ्यांचा खर्च वाढला, कार्यक्रम लांबायला लागला. कुठेतरी रेघ मारायला हवी होती, आम्ही पंचाहत्तरवर मारली. तेव्हा कुणाच्याही डोक्यात आलं नाही की, या रेघेने भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्यालाही आपण खालीच ठेवलं. ज्यांचा फोटो स्टेजवर लावून आपण सत्कार करतो, त्यांचं नाव आपल्या यादीत बसत नाही!

हे आमच्या लक्षात आलं ते एका मुलामुळे. त्याचं नाव आम्ही सांगणार नाही. आपल्यातलाच आहे. वडील टेम्पोवर, आई टॉवरमध्ये घरकामाला. आठवीत अभ्यासिकेत आला तेव्हा धडा मोठ्याने वाच म्हटलं की पुस्तक तोंडासमोर धरायचा आणि गप्प. वाचता येत नव्हतं असं नाही, अडखळायचा आणि पोरं हसायची. गणितात अपूर्णांक आला की पेन्सिल खाली.

दोन वर्षं तो रोज आला. पावसाळ्यात छत्री नसली तर डोक्यावर प्लॅस्टिक घेऊन आला. नववीच्या दिवाळीनंतर एक दिवस आम्ही बघतो, तर कोपऱ्यात पाचवीच्या चार मुलांना घेऊन हा बसलाय. हातात जुनी लग्नपत्रिका. तिची घडी घालून विचारतोय, 'अर्धा. आता परत घडी. आता किती?' स्वतःला जे कळायला दोन वर्षं लागली, ते त्याने दहा मिनिटांत दुसऱ्याला समजावलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि हसलो. वहीत कुठे लिहून ठेवलं नाही.

त्याच सुमारास रविवारच्या वंदनेनंतर त्याने आम्हाला विचारलं, 'सर, आपण पालीतून म्हणतो, त्याचा अर्थ काय? आणि अर्थ माहीत नसताना म्हटलं तर चालतं का?' आम्ही काय उत्तर दिलं असेल? 'आधी नीट पाठ कर, मग अर्थ बघू.' रामजी सुभेदार निदान गप्प राहिले होते. आम्ही मुलाला गप्प केलं.

दहावीचा निकाल लागला. छप्पन्न टक्के. समारंभाच्या दिवशी तो दुपारपासून विहारात. मंडपवाल्याच्या टेम्पोतून खुर्च्या उतरवल्या, सतरंज्या घातल्या, पाण्याचा पिंप भरला. नावं पुकारायला सुरुवात झाली तेव्हा तो स्पीकरच्या बाजूला उभा होता. अकरा नावं झाली. टाळ्या झाल्या, फोटो झाले, आईवडिलांना स्टेजवर बोलावलं. कार्यक्रम संपल्यावर आमच्यापैकीच एकाने त्याला सांगितलं, 'छान काम केलंस रे. खुर्च्या मोजून परत दे, मागच्या वेळी दोन कमी भरल्या होत्या.' त्याने मोजून दिल्या. बरोबर भरल्या.

दुसऱ्या दिवसापासून तो यायचा बंद झाला.

आम्हाला वाटलं, दहावी संपली, आता कशाला येईल. महिना गेला, दोन महिने गेले. त्याची धाकटी बहीण येत होती, ती काही बोलेना. शेवटी आम्ही दोघं घरी गेलो. आईने पाणी दिलं, चहा टाकला. मग म्हणाली, 'सर, राग मानू नका. तो म्हणतो, मी तिथं खुर्च्या उचलायलाच आहे.'

तेवढ्यात तो बाहेरून आला. नमस्कार केला, उभा राहिला. आम्ही समजुतीचं बोलायला लागलो. नियम आहे, सगळ्यांना सारखा आहे, पुढच्या परीक्षेत मिळव वगैरे. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'सर, मला दोन वर्षांत काय काय यायला लागलं, ते शाळेला माहीत नव्हतं. बोर्डाला पण माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं.'

एवढंच बोलला. आवाज चढवला नाही. आम्ही चहा तसाच ठेवून उठलो नाही, प्यायलो. पण परतताना डोंगराकडच्या रस्त्याने चालत आलो आणि विहार येईपर्यंत आम्हा दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

बंधू-भगिनींनो, त्याचं म्हणणं तपासून बघा. बोर्डाचा मास्तर लाख उत्तरपत्रिकांतली एक तपासतो. त्याला तीन तासांत लिहिलेलं दिसतं, त्याची चूक नाही. पण आम्हाला तर ते मूल रोज दिसत होतं. शाळेत न दिसणारं, गुणपत्रिकेत न उतरणारं आम्हाला दिसावं, म्हणून तर समाजाने अभ्यासिका काढली. आणि सत्काराची वेळ आली तेव्हा आम्ही आमचे डोळे बाजूला ठेवून बोर्डाचा कागद वाचून दाखवला. मग विहाराचा सत्कार आणि क्लासचा फलक यांत फरक काय राहिला?

इथे काही पालक म्हणतील, आणि चहाच्या वेळी म्हणालेही, 'सर, बोलायला ठीक आहे, पण गुणांशिवाय प्रवेश कुठे मिळतो? आपल्या पोरांना कोण विचारतं?' अगदी बरोबर आहे. गुण नकोत असं आम्ही म्हणत नाही. रात्री दोन वाजता मुलाला उठवणारे रामजी सुभेदारही तसं म्हणाले नसते. अभ्यास हवाच, शिष्यवृत्त्या हव्यात, चांगल्या कॉलेजात जागा हवी, आणि ती मिळालेली जागा म्हणजे कुणाची भीक नव्हे, हेही मुलांना ठाऊक हवं. आमचं म्हणणं एवढंच की, गुण मोजणारे बाहेर पुष्कळ आहेत. मूल किती पुढे आलं हे मोजणारे आपल्याशिवाय त्याला कुणी नाहीत. पंचाण्णव टक्केवाल्या मुलीलाही हे लागू आहे. तिचे फक्त टक्के पुकारले, तर तिचंही बाकीचं सगळं झाकलं जातं. आमच्या अभ्यासिकेत एक मुलगी पहिली आली, पण तिने आजारी आजीची उठबस करत अभ्यास केला, हे स्टेजवर कुणी बोललं नाही.

आणि रामजींचं म्हणणंही आपण पोटात घालून ठेवायला हवं. पोराच्या डोक्यात हवा जाईल, ही त्यांची भीती खरी होती. मोठ्या ट्रॉफीने हवाच जाते. हवा जाऊ नये म्हणून दादा केळुसकरांनी तोड काढली. भेट अशी दिली की घरी गेल्यावर ती उघडावी लागेल, वाचावी लागेल आणि डोक्याला काम लागेल. ट्रॉफी कपाटावर बसते. सणासुदीला तिच्यावरची धूळ झटकायची, एवढाच तिचा उपयोग.

म्हणून अभ्यासिकेच्या वतीने आम्ही समितीपुढे आज सर्वांसमक्ष तीन सूचना ठेवतो.

पहिली. पंचाहत्तरची रेघ काढून टाकावी. दहावी-बारावीच्या परीक्षेला बसलेल्या वस्तीतल्या प्रत्येक मुलामुलीला स्टेजवर बोलवावं. नापास झालेल्यालाही. नापास झालेल्याला त्या दिवशी समाजाची गरज जास्त असते.

दुसरी. ट्रॉफीऐवजी पुस्तक द्यावं. प्रत्येकाला एकच छापाचं नको, त्याला काय आवडतं ते बघून निवडलेलं. आणि पहिल्या पानावर आम्ही शिक्षकांनी हाताने दोन ओळी लिहाव्यात. वर्षापूर्वी या मुलाला काय येत नव्हतं आणि आज काय येतं. यासाठी आम्हाला वर्षभर नोंदवही ठेवावी लागेल. ती आम्ही या महिन्यापासून सुरू केली आहे. खरं सांगतो, पहिल्या आठवड्यात काही मुलांच्या नावापुढे लिहायला आमच्याकडे एक ओळही नव्हती. रोज समोर बसणारी मुलं, आणि आम्ही त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं.

तिसरी. सत्कार झाल्यावर मुलाने आभार मानायची गरज नाही. त्याऐवजी त्याने स्टेजवर बसलेल्या आम्हा मोठ्यांना एक प्रश्न विचारावा. उत्तर आलं तर द्यावं. नाही आलं तर 'माहीत नाही, पुढच्या रविवारी शोधून सांगतो' असं म्हणावं. त्याने आमची इज्जत जात नाही. आणि पालकांनो, घरी मुलाने तोंड उघडून 'का' विचारलं तर लगेच 'उलट बोलतो' म्हणू नका. परळच्या त्या खोलीत एका बापाने ऐकून घेतलं होतं, एवढं आठवा.

जाता जाता एक सांगतो. आता रविवारी वंदनेनंतर पंधरा मिनिटं आम्ही अर्थ सांगतो. त्रिसरण झालं, पंचशीलातलं एकेक शील चालू आहे. सांगण्यापूर्वी आम्हालाच वाचावं लागतं, भन्तेजींना विचारावं लागतं. इतकी वर्षं म्हणत होतो, पण काही शब्दांपाशी आम्हीही अडखळलो. ज्याने प्रश्न विचारला होता, त्याला उत्तर द्यायला आम्हाला दोन वर्षं लागली, आणि उत्तर तयार झालं तेव्हा तो समोर नव्हता.

तो आयटीआयला आहे, इलेक्ट्रिशियनचा कोर्स करतो आहे. १४ एप्रिलला विहारावरची रोषणाई त्याने आणि त्याच्या मित्रांनी केली. काम झाल्यावर हात पुसत गेला, जेवायला थांबला नाही. आज त्याची बहीण इथे पुढे बसली आहे. मागच्या बाजूला कोण कोण उभं आहे, ते या दिव्यांच्या उजेडात इथून दिसत नाही.

पण समितीने पहिली सूचना मान्य केली, तर पुढच्या समारंभात एक पुस्तक दोन वर्षं उशिराने द्यायचं आहे. ते आम्ही आणून ठेवलं आहे. पहिल्या पानावर लिहिलंही आहे. 'आठवीत अडखळत वाचत होता. नववीत इतरांना शिकवू लागला. त्याने विचारलेल्या प्रश्नामुळे आम्ही वंदनेचा अर्थ शिकलो.' खाली आम्हा सगळ्यांच्या सह्या आहेत.

त्या दिवशी खुर्च्या उचलायचं काम आम्ही करू.

जय भीम! नमो बुद्धाय!